अकरा मुलांचं एकच चुकलेलं उत्तर

नोकरीत शेकडो प्रकरणं हाताळली, त्यातली बरीच आता आठवतही नाहीत. शिरूरला फौजदार असतानाचं हे एक मात्र विसरू म्हटलं तरी विसरता येत नाही.

दोन हजार सालानंतरची गोष्ट. सकाळच्या टपालात एक निनावी अर्ज आला. कवठे येमाईकडच्या एका वस्तीवरच्या शाळेतल्या बाईंनी चौथीच्या शिष्यवृत्ती परीक्षेचा पेपर आधीच मिळवला आणि मुलांकडून उत्तरं घोकून घेतली, असा मजकूर होता. निनावी अर्जाला मी फारशी किंमत देत नसे. पण पाठोपाठ परीक्षा विभागाचंही पत्र आलं. या शाळेच्या अकराच्या अकरा मुलांनी गणिताच्या एकाच प्रश्नाला एकच चुकीचं उत्तर दिलं होतं. बाकी गणित आणि इंग्रजी उत्तम. निकाल राखून ठेवला होता. आरोप खरा ठरला तर मुलं बाद होणार होती आणि बाईंची नोकरी जाणार होती.

बाईंना ठाण्यात बोलावलं. शेजारी महिला शिपाई बसवली. बाई मूळच्या दौंडकडच्या, फुलशेती करणाऱ्या घरातल्या, वय चोवीस-पंचवीस. शाळेआधी रोज सकाळी सातला जादा वर्ग घेत. इंग्रजीची पुस्तकं नव्हती, म्हणून खताच्या गोण्या, औषधाच्या बाटल्या, जे छापलेलं मिळेल ते मुलांकडून वाचून घेत.

मी प्रश्न त्यांच्यापुढे ठेवला. एका मेंढीपासून पाव किलो लोकर मिळते, तर चाळीस मेंढ्यांपासून वर्षात किती मिळेल? बरोबर उत्तर होतं दहा किलो. मुलांनी वीस लिहिलं होतं.

"सगळ्यांनी वीसच कसं लिहिलं, बाई?"

"खरंच कळत नाही, साहेब. हे गणित माझी मुलं चुकायची नाहीत."

एवढंच बोलून त्या गप्प झाल्या. मी चांगलाच आवाज चढवला, तरी दुसरा शब्द नाही. गप्प बसणारा माणूस काहीतरी लपवतो, असा माझा तेव्हाचा हिशेब. चोरून आणलेल्या उत्तरांत एक उत्तर चुकीचं आलं आणि तेच सगळ्यांनी पाठ केलं, हे मी मनाशी पक्कं करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी जीप घेऊन वस्तीवर गेलो. वस्ती धनगरांची. शेती करून स्थिरावलेली माणसं, तरी घरटी थोडी मेंढरं होतीच. आरोपींना करतो तसंच केलं. मुलांना एकमेकांशी बोलता येणार नाही असं लांब लांब बसवलं आणि एकेकाला घरच्या माणसासह पुढे बोलावलं. पहिली एक मुलगी आली, सोबत तिचे आजोबा.

"चाळीस मेंढ्या, पाव पाव किलो. किती झाले?"

"धा."

"मग वीस का लिहिलंस?"

"वर्षाची इचारली व्हती न्हवं? वर्षातनं दोनदा कातरत्यात." मग तिनं माझ्याकडे जरा संशयानंच पाहिलं. "तुमच्याकडं येकदाच कातरत्यात व्हय, साहेब?"

आजोबा शांतपणे म्हणाले, "पोरगी बराबर बोलतीया. पाव किलो येका कातरणीची."

दुसऱ्यानं तेच सांगितलं, तिसऱ्यानंही तेच. अकरावा जबाब होईस्तोवर हवालदार तोंड फिरवून हसत होता. शाळेच्या दारात उभ्या असलेल्या बाईंना विचारलं, तुम्हाला हे ठाऊक नव्हतं? "आमच्याकडं शेवंती असते, साहेब. मेंढ्या कुठल्या?" एवढं बोलून त्या पायरीवर बसल्या आणि रडू लागल्या.

पोलिसाला तेवढ्यावर भागत नाही. दुसऱ्या शाळेच्या गुरुजींकडून नवी गणितं काढून आणली होती, ती घातली. मुलांनी भराभर सोडवली. इंग्रजीसाठी खिशातली खोकल्याच्या औषधाची बाटली एका मुलाला दिली. त्यानं वरचा मजकूर अडखळत वाचला, "घ्यायच्या आधी हलवा," असा अर्थ सांगितला, आणि बाटली चांगली खळखळून हलवून माझ्या हातात दिली.

अहवालात लिहिलं, 'मुलांचे उत्तर चुकीचे नसून प्रश्न अपुरा आहे.' अकरा जबाब सोबत जोडले. वरिष्ठांनी विचारलं, गणिताचे पेपर कधीपासून तपासायला लागलात? मी म्हटलं, सही तेवढी करा, साहेब. काही आठवड्यांनी दोन्ही उत्तरं ग्राह्य धरली गेली. अकराही मुलं पास झाली आणि त्यातल्या चौघांना शिष्यवृत्ती मिळाली. अर्ज करणाऱ्याचा स्वतःचा शिकवणीचा क्लास होता, हे नंतर समजलं.

सगळे एकच सांगतात म्हणजे कुणीतरी पढवलंय, असं मी तोवर मानत आलो होतो. सगळ्यांचं जगणं एक असलं तरी उत्तर एक येतं, हे त्या पोरांनी मला शिकवलं. निकाल सांगायला मी मुद्दाम वर्दीत गेलो. मुलं ओळीत उभी होती. त्यांच्यासमोर बाईंना म्हणालो, "बाई, मी तुमच्यावर विनाकारण आवाज चढवला. माझं चुकलं." वर्दीत असताना मी कुणाची माफी मागितली ती तेवढी एकदाच, आणि साऱ्या नोकरीत मला सगळ्यात जास्त अभिमान वाटतो तो त्याच दिवसाचा.