जर्दाळूच्या लाकडाचा पावा

आमच्या मामांना उष्टं चालायचं नाही, आणि त्यांची उष्ट्याची व्याख्या कोर्टातही टिकली असती. भांड्याला कुणाचा ओठ लागला की ते भांडं गेलं. पाणी ते वरूनच प्यायचे. एका लग्नात त्यांनी चहाही वरून पिऊन पाहिला, त्याचा पुरावा सदऱ्यावर बरीच वर्षं होता. लहानपणी त्यांना गोड पेरू मिळावा म्हणून मी पाटीतला एकेक पेरू चावून पाहिला होता. त्यांनी सगळे कोकराला घातले. "कोकराचं उष्टं चालंल मला, माणसाचं न्हाय," म्हणाले.

मंद्रूपजवळ त्यांची मेंढरं होती आणि पावा कायम सोबत. तो मात्र कोकरालासुद्धा हुंगू द्यायचे नाहीत. "पावा एका तोंडाचा ऱ्हातो. दुसऱ्यानं फुकला की त्येचं मन फिरतं." मेंढरांना पाण्यावर न्यायची त्यांची एक धून होती. हळूहळू वर चढायची, थबकायची आणि उतारावरून धावत खाली यायची. ती सुरू झाली की सावलीत बसलेली मेंढरं उठायची. मे महिन्याच्या सुट्टीत मीही उठून त्यांच्या मागं चालू लागायचे. आमच्यात एक मेंढी दोन पायांची हाय, असं ते आईला सांगायचे.

पुढं मेंढरं विकून मामा सोलापुरात टॉवेलच्या कारखान्यात मागावर लागले. मागांच्या खडखडाटात ओरडूनच बोलावं लागतं, त्यामुळे घरीही ते ओरडूनच बोलत. मग हळूहळू आवाज खाली आला. वयानं स्वभाव निवळला, असं म्हणून आम्ही समाधान मानलं. मी तर तसं चारचौघांत कौतुकानं सांगितलंसुद्धा. छातीत कापसाची धूळ बसली होती, आणि ती आता निघणार नाही, हे डॉक्टरांनी फार उशिरा सांगितलं.

शेवटी ते जुळे सोलापूर भागातल्या आमच्या फ्लॅटवर राहायला आले, ऑक्सिजनच्या यंत्रासकट. श्वासाचा व्यायाम म्हणून दवाखान्यातून, दमानं तीन गोळे वर उचलायचं प्लास्टिकचं खेळणं मिळालं होतं. मामांना ते पटेना. "ह्यात आवाज कुटं हाय? आवाजाबिगर कळावं कसं, आत काय शिल्लक हाय ते?" जुना पावा उन्हानं तडकला होता. बाजारातून नवा आणला, त्यातून नुसता वारा निघाला. बांबू कच्चा हाय, म्हणाले. एकदा ती पाण्याची धून निघाली की पुरे, एवढंच त्यांचं मागणं होतं.

त्याच सुमारास आमच्या ह्यांच्या ऑफिसातल्या मंडळींबरोबर जॉर्जियाची सहल ठरलेली होती. मी नको म्हणत होते. "जा की. मी कुटं पळून चाललोय?" मामा म्हणाले. मंद्रूपहून त्यांचा मुलगा शिवा सोबतीला आला आणि आम्ही निघालो.

तिथल्या जुन्या बाजारात एक म्हातारी फूटपाथवर लाकडी पावे मांडून बसली होती. कमीत कमी दम कशाला लागतो, असं मी गाइडकरवी विचारलं. तिनं जर्दाळूच्या लाकडाचा एक काढला. शिकाऊ पोरांचा, शिट्टीसारखा तोंडात धरून फुंकायचा. वाजवून दाखवायला तिनं तो ओठांकडे नेला आणि मी झडप घालून तिचं मनगट धरलं. उष्टं हे काय असतं, ते मला इंग्रजीत सांगता येईना. गाइडनं तिला काय सांगितलं कोण जाणे, तिनं छातीवर क्रूसाची खूण केली आणि पावा दोन्ही हातांनी माझ्या ओंजळीत ठेवला. न वाजवता वाद्य विकत घेणारी बाई जगात दुसरी नसेल, असं आमचे हे पुढं विमानतळापर्यंत म्हणत होते.

मामांनी पावा हुंगला, भोकांवरून बोटं फिरवली. "कुणी फुकला न्हाय न्हवं?"

नाही म्हटल्यावर चेहरा उजळला. नाकातली नळी काढून त्यांनी फुंकलं. नुसती हवा. पुन्हा फुंकलं. ओठ निळे पडले, तरी पुन्हा. मग धोतराच्या सोग्यानं पावा पुसून उशीशी ठेवला.

"आत काय बी न्हाय गं, सुनंदे," म्हणाले आणि भिंतीकडे तोंड केलं. त्या दिवशी जेवले नाहीत. दुसऱ्या दिवशी चहाही परत पाठवला.

धुऊन आणते म्हणून मी पावा स्वयंपाकघरात नेला. फुंकून पाहायचं धाडस आधी होईना. मग जेमतेम श्वास सोडला, तर तो खणखणीत वाजला. त्याच क्षणी कुकरची शिट्टी झाली आणि तो आवाज त्यात बुडाला. पावा उत्तम होता.

"आण हिकडं," बाहेरून मामा म्हणाले. मी गेले. "तू फुक बगू."

जन्मात त्यांनी कुणाला असं म्हटलं नव्हतं. मी पावा तोंडात धरला, गाल फुगवले आणि सगळी हवा ओठांच्या कडांनी सोडून दिली. शाळेच्या नाटकात मला झाडापेक्षा मोठी भूमिका कधी मिळाली नव्हती. मामा टक लावून पाहत होते.

"जोरात."

तोंड लाल होईस्तोवर मी फुंकलं. आवाज येऊ दिला नाही.

मामा कोपरावर उठून बसले. "पावाच मुका हाय की गं! फशिवलं तुला. घेताना फुकून बगायचं न्हाय व्हय?"

"तुम्हाला उष्टा चालला नसता, मामा."

"म्हनून असलं लाकूड आनायचं?" त्यांना हसता हसता ढास लागली. संध्याकाळी दुधात कुस्करलेली भाकरी खाल्ली.

त्यानंतर काही आठवडेच ते होते. भेटायला येईल त्याला मामा हीच गोष्ट सांगायचे. भाची परदेशात गेली, मधे दम घ्यायचा, मुका पावा घेऊन आली, पुन्हा दम. ऐकणारा हसला की त्यांना समाधान वाटायचं. मी चहाचा ट्रे धरून उभी राहायचे आणि योग्य त्या ठिकाणी लाजायचे. चांगला पावा मिळाला की बघू, असं ते शेवटी म्हणायचे. दुसरा आणते, असं मी कधीच म्हटलं नाही. एका दुपारी यंत्र चालूच राहिलं आणि मामा थांबले.

दहाव्याला मंद्रूपला सगळे जमले होते. शिवा माझ्याजवळ येऊन बसला.

"आक्का, राग मानू नका. पन पावा नीट बगून घेतला असता, तर अप्पांनी एकदा तरी वाजवला असता."

"हो रे शिवा," मी म्हणाले. "बघून घ्यायला पाहिजे होता."