पहिला घास अक्काचा

अक्का गेल्याचा निरोप आला तेव्हा मी कोर्ट सुटल्यावर वाचनालयात एका रावबहादुरांचे छापील भाषण वाचत होतो. पुढे शोकसभेत त्यांनीच अक्काला 'त्यागमूर्ती' म्हटले. ती असती तर म्हणाली असती, "मूर्तीला निदान नैवेद्य आयता मिळतो!"

अक्का माझी मावसबहीण. विसाव्या वर्षी विधवा होऊन नाशकात माहेरी परतली, आणि त्याच सुमारास तिच्या धाकट्या भावाचे, हुशार म्हणून गाजलेल्या दत्तूचे, डोके फिरले. अन्नात विष आहे, हा त्याचा संशय. त्याच्या ताटातला पहिला घास कुणी त्याच्यासमोर खाल्ला, तरच तो जेवणार. मुलाला उष्टे कसे वाढू, म्हणून आई रडे. वैद्य झाले, त्र्यंबकेश्वरचे विधी झाले. ब्राह्मण तृप्त झाले, दत्तू उपाशीच. शेवटी अक्काने ताट ओढून भात खाल्ला. त्या दिवशी एकादशी होती.

पुढे पंचवीस वर्षे तिची एकही एकादशी धड झाली नाही. गंगेवर बायका टोमणे मारत, "काय गोदाक्का, आज फराळाला वरणभात का?" ती धुणे आपटत म्हणे, "हो तर! तूपही जरा जास्तच होतं." दोन्ही जेवणांना घरी असावेच लागे, म्हणून ती कुणाच्या लग्नाला गेली नाही, माहेरपणाला तर तिला दुसरे घरच नव्हते… एकदाच, भात कालवताना मला म्हणाली, "कधी कधी वाटतं रे विनू, याचा संशय एकदा खरा ठरावा. दोघंही सुटू." मग लगेच "जा, पाणी आण," म्हणून तिने मला आत पाठवले. जेवणाच्या वेळी मी तिथे असलो की नेहमीच पाठवी. मी आलो तेव्हा दत्तू जेवत होता.

ती गेल्यावर दत्तूने दोन दिवस अन्नाला हात लावला नाही. दत्तूचे काका म्हणाले, "वेड्यांच्या इस्पितळात पोचवू. आता कोण बसणार त्याच्यापाशी?" तिसऱ्या दिवशी मी ताट घेऊन बसलो. तो एक घास म्हणजे रोजचे दोन, आणि जन्मभर, हे मला ठाऊक होते. तरी खाल्ला. दत्तू माझ्याकडे पाहत राहिला.

"आ कर," तो म्हणाला. "अक्का करायची. जीभ उचलून दाखव."

हे तिने कधी कुणाला कळू दिले नव्हते.

चाळिशीतल्या वकिलाने आ केला. दत्तूने नीट वाकून पाहिले, आणि मग जेवायला घेतले.