मॅडमला वजन सोसत नाही

आमचे दाजी गाडीला ‘मॅडम’ म्हणायचे आणि माझ्या सख्ख्या बहिणीला, म्हणजे स्वतःच्या बायकोला, ‘ए’. गाडी विलायतेत बनलेली, माझ्याहून वयानं मोठी. गोल दिवे, फुगीर नाक, रंग दुधावरच्या सायीसारखा. बहीण आष्ट्यात जन्मलेली, एवढाच काय तो तिचा गुन्हा.

तासगावात दाजींचा बेदाण्याचा व्यापार. मॅडमला मऊ फडक्यानं पुसून काढल्याशिवाय सकाळचा चहा घ्यायचे नाहीत. आक्का गाडीत बसायची ती मागं, डोक्याला टॉवेल गुंडाळून, कारण केसांचं तेल गादीला लागतं. पुढची सीट पाण्याच्या कॅनची आणि दाजींच्या हॅटची. मी एकदा भांडले, तर म्हणाले, “कॅन मागं ठिवला तर सांडतोय. ही काय सांडणार हाय व्हय?” आणि स्वतःच हसत सुटले. आक्काही हसली. मला तर दोघांच्याही थोबाडीत द्यावीशी वाटली.

या माणसाचा मी कायमचा तिरस्कार करायला हवा होता. पण जमायचं नाही. माझ्या पहिल्या बाळंतपणात कळा सुरू झाल्या तेव्हा आमच्या ह्यांचा पत्ता नव्हता. निरोप मिळताच दाजी तासगावहून आले, मला मॅडममध्ये घातलं आणि हॉर्नवरचा हात न काढता सांगलीला दवाखान्यात पोचवलं. गादीची पार वाट लागली होती. ती त्यांनी स्वतः धुतली, कुणाला हात लावू दिला नाही. पुढं बारशाला शंभर माणसांत मला म्हणाले, “तरी सपाटी हुती म्हणून वाचलीस. घाट असता तर तुलाबी उतरवलं असतं.”

ही थट्टा नव्हती. दरवर्षी बेदाणा विकला गेला की भर उन्हाळ्यात दाजी सगळ्यांना मॅडममधून महाबळेश्वरला न्यायचे. कराड, सातारा, वाई, तोवर सगळं ठीक. पसरणीच्या घाटात खडा चढ लागला की गाडी कडेला घ्यायचे. “उतरा. मॅडमला वजन सोसत न्हाई. ती विलायतेची हाय, तुमच्यासारकी भाकरी खाऊन वाढली न्हाई.” मग आक्का, मी, आक्काचा विजय, जो कोण असेल तो खाली. इंजिन तापतंय म्हणून आम्ही उन्हात पायी चढायचं आणि दाजी मोकळी गाडी घेऊन वर जायचे. आम्ही धापा टाकत वरच्या वळणावर पोचायचो तेव्हा हे कठड्यावर बसलेले, हातातला करवंदांचा द्रोण संपवलेला. “लय उशीर केलासा,” म्हणायचे.

आक्काचं पोटाचं ऑपरेशन झालं त्या वर्षीही उतरवलं. टाके काढून फार दिवस झाले नव्हते. एका हातानं पोट धरून ती चढत होती. “गाडी तापली तर सगळीच अडकू गं,” मलाच समजावत होती. तिचा त्या तापण्यावर विश्वास होता. सासरच्या सगळ्या गोष्टींवर असतो तसा.

त्याच दिवशी माझं डोकं फिरलं आणि मी पायवाटेनं तरातरा पुढं गेले. वर गाडी उभी होती. दाजींची माझ्याकडं पाठ होती. बॉनेटवरून हात फिरवत ते मॅडमला विचारत होते, “दमलीस व्हय? बस जरा. घाई न्हाई आपल्याला.” इतक्या मायेनं की माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि त्या पाण्याचाच मला राग आला. आयुष्यात आक्काला त्यांनी दमलीस का म्हणून विचारलं नव्हतं. मी जे ऐकलं ते आक्काला सांगितलं. तिनं चपलेतला खडा झटकला, चप्पल पुन्हा घातली आणि मागं जाऊन बसली. मला वाटलं, विसरली.

दाजी गेल्या दिवाळीत गेले. त्याआधीच्या उन्हाळ्यातली ही गोष्ट. हृदयाच्या दुखण्यानं त्यांना पार वाळवलं होतं. चढ चढायचा नाही, गाडी चालवायची नाही, असं डॉक्टरांनी बजावलेलं. तरी मॅडमला एकदा घाट दाखवायचाच, हा हट्ट. चालवायला विजय बसला, पोट सुटलेला बाप्या झालाय आता. दाजी पुढं, हॅट घालून, कॅन पायाशी. मागं आक्का, मी, विजयची बायको आणि गच्च सामान.

चढ लागला तशी आक्का म्हणाली, “विजय, थांब.” गाडी थांबली. आक्का दाजींना म्हणाली, “आवं, उतरा. गाडी तापंल.”

आम्ही हसलो. आक्का हसली नाही. विजय म्हणाला, “आई, काय बोलतीस?” दाजींनी मागं वळून तिच्याकडं बघितलं. मग गुमान दार उघडून खाली उतरले. आम्हीही उतरायला लागलो तर आक्कानं माझा दंड धरला. “तुमी बसा. सगळी बसा.” स्वतः उतरून ती पुढच्या सीटवर जाऊन बसली, कॅन मांडीवर घेऊन. “चल रं.”

“आक्का, मरंल गं माणूस!” मी ओरडले.

“मी मेले व्हय?” ती म्हणाली. “मला बघायचं हाय.”

काय बघायचं ते सगळ्यांना कळलं होतं. गाडीत काहीही बदललेलं नव्हतं, दाजी बदलू द्यायचेच नाहीत. तेच इंजिन, तोच रेडिएटर. वर चार माणसं आणि सामान. आक्काची नजर इंजिनाचा ताप दाखवणाऱ्या काट्यावरून हलली नाही. एक वळण, दुसरं वळण, वरचं वळण. काटा अर्ध्यावरही गेला नाही. वाफ नाही, वास नाही, काही नाही.

आक्कानं खाली उतरून बॉनेटवर तळहात ठेवला. “एवढी वर्सं,” एवढंच म्हणाली. तोंड असं झालं होतं की मला तिला हात लावायचाही धीर होईना. मग म्हणाली, “वळव.”

दाजी दुसऱ्या वळणावर कठड्यावर बसलेले सापडले. शर्टाची बटणं उघडी, ओठ काळेनिळे, हॅट हातात. विजय धावला, पाणी पाजलं. मी देवाचं नाव घेत होते आणि मनात दाजींना शिव्या घालत होते. आक्का गाडीतून उतरली नाही. श्वास जरा जागेवर आल्यावर दाजींनी भीत भीत तिलाच विचारलं, “तापली का गं?”

“न्हाई,” आक्का म्हणाली.

दाजींनी मान खाली घातली. बराच वेळ हॅटची कड चाचपत राहिले. मग शाळेतल्या पोरासारखं विचारलं, “मग बसू का मी?”

“मागं बसा.”

विजयनं धरून त्यांना माझ्या शेजारी बसवलं. हॅट त्यांनी मांडीवर ठेवली. गाडी पुन्हा वर निघाली. दाजींनी खिडकीला डोकं टेकलं आणि थोड्या वेळानं, दम लागलेल्या आवाजात म्हणाले, “अगं, हितनं धरणाचं पानी दिसतंय व्हय? मी कवा बघितलंच न्हाई.”

“दिसतंय की,” आक्का मागं न वळता म्हणाली. “आमी दरसाल बघत बघतच चढलोय.”