तीन बोटं

अक्कलदाढ काढली असं सांगितलं की प्रत्येक जण तोच तो विनोद करतो, आणि आपल्याला हसता येत नाही म्हणून त्याला वाटतं आपण चिडलोय. मी खरंच चिडलेली असायचे. खालच्या दोन्ही अक्कलदाढा आडव्या वाढून शेजारच्या दाढांना ढकलत होत्या. दातांच्या डॉक्टरीणबाईंनी एकाच बैठकीत दोन्हींचा निकाल लावला. बेव्हर्ली पार्कातल्या आमच्या घरी मी परत आले ती गाल सुजलेले आणि तोंडात कापसाचे बोळे धरून. नवऱ्याला रजा मिळण्यासारखी नव्हती. त्याने माझ्या आईला फोन केला आणि दिवेलागणीच्या आत आई गोडदेवहून रिक्षाने येऊन थडकली.

वडील गेल्यापासून आई गोडदेवला एकटीच राहते. मराठवाड्यातून लग्न होऊन ती इथे आली, आयुष्य भाईंदरमध्ये गेलं, तरी बोली तिकडचीच राहिली. शेजारच्या गुजराती मावशींशी मात्र ती बिनधास्त हिंदी फेकते. त्या माझी चौकशी करायला दारात आल्या तेव्हा आई मोठ्या तज्ज्ञासारखी म्हणाली, "अभी कुछ चबाना नहीं. खाली पतला पतला." पिशवीत तिने ज्वारीचं पीठ आणलं होतं, दोन साड्या होत्या, आणि तिची स्टीलची डबी होती. डबीला दोन कप्पे. एकात मिश्री, म्हणजे तव्यावर काळी होईपर्यंत भाजून कुटलेली तंबाखू, जी ती रोज सकाळी बोटाने हिरड्यांना लावते. दुसऱ्यात सुपारीची खांडं. जेवण झालं की एक खांड गालात जायचं आणि पुढच्या चहापर्यंत तिथेच मुक्कामाला असायचं. लहानपणापासून मी आईला या डबीशिवाय पाहिलेलं नाही.

मला बोलता येत नव्हतं, म्हणून मी मोबाइलवर लिहून दाखवायचे. नवरा असला की ते जमायचं. आईला वाचायला चष्मा लागतो आणि चष्मा नेहमी दुसऱ्या खोलीत असतो. मी "पाणी" लिहायचे, ती चष्मा शोधायला जायची, तोवर मी उठून पाणी घेतलेलं असायचं. मग ती फोन डोळ्यांपाशी नेऊन विचारायची, "काय गं, पाणी पायजे का?" माझ्या कपाळाला आठ्या पडल्या की म्हणायची, "अगं बोल की हळूहळू. जीभ तर न्हाई ना काढली?"

जेवायला मऊ भात, मुगाचं पाणी आणि दुधात कुस्करलेली भाकरी. आई दोन वाट्या भरायची, एक माझी आणि एक तिची. मी खुणेनेच विचारलं, तू का असलं खातेस? ती म्हणाली, "तू इकडं पेज पिणार न् मी तुझ्यासमोर बसून ठेचा खाऊ व्हय?" माझ्या डोळ्यांत पाणी आलं. दुखण्यात माणूस तसाही हळवा होतो. आम्ही दोघी समोरासमोर बसून भात निवेपर्यंत थांबायचो आणि मग चहाच्या चमच्याने खायचो. भातात मीठ नसायचं. ती गोष्ट नवी नव्हती. गेलं वर्षभर तिच्या हातचं मीठ बिघडलं होतं, कधी खारट तर कधी अळणी. "आई, तुझा हात रिटायर झालाय," असं मी तिला चिडवायचे. तीही मान्य करायची. म्हणायची, "असंल बाई, वय झालं."

मग तिने तो उद्योग केला. दुपारची वेळ होती. दुखणं थांबवायच्या गोळीने मला गुंगी आली होती. मटारचं गोठलेलं पाकीट गालाला लावून मी पडले होते. आई उशाशी बसली आणि म्हणाली, "आ कर जरा." लहानपणी औषध पाजताना ज्या आवाजात म्हणायची, अगदी त्याच आवाजात. मी जमेल तेवढा आ केला आणि तिचं बोट थेट मागच्या जखमेवर गेलं. तोंड कडूजहर झालं, तेव्हा कुठे माझ्या ध्यानात आलं की ही मिश्री आहे. मी धडपडत मोरीत जाऊन चूळ भरली. आई मागून समाधानाने सांगत होती, "आता बघ, ठणका कसा पळतोय ते."

ठणका पळाला नाही. दुसऱ्या दिवशी उजवीकडे जबड्यातून कानात आणि कानातून डोक्यात अशी कळ जायला लागली की मला बसवेना आणि झोपवेना. तशीच उठून दवाखाना गाठला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की खड्ड्यात धरलेली रक्ताची गाठ निघून गेलीय, आतलं हाड उघडं पडलंय. त्यांनी खड्डा धुऊन लवंगेच्या वासाची औषधाची पट्टी आत भरली. जबडाही आखडला होता. त्यांनी एक व्यायाम सांगितला. बोटं एकावर एक ठेवून वरच्या आणि खालच्या दातांच्या मधे घालायची, आज एक, जमलं की दोन, मग तीन. आपली आपल्याला तीन बोटं गेली म्हणजे तोंड ठीक उघडतंय.

घरी आल्यावर मी मोबाइलवर संताप ओतला. हाताला येईल ते सगळं लिहिलं. तुझ्यामुळे, तुला कुणी सांगितलं होतं, शिकल्यासवरल्या माणसाच्या घरात हे असलं. आईने चष्मा आणला आणि ओठ हलवत सगळं वाचून काढलं. "एवढालं लिहिलंस," ती म्हणाली. "राग आलाय म्हण की." माझा पारा आणखी चढला. मी तिची डबी उचलली, मिश्री आणि सुपारी दोन्ही कचऱ्याच्या डब्यात ओतली आणि रिकामी डबी ओट्यावर आपटली. आईने मला अडवलं नाही. तिने डबी धुतली, पदराने पुसली आणि पिशवीत ठेवली. मग खिडकीकडे बघत म्हणाली, "माझी दाढ दुखली का माझी आई मला हेच लावायची. मला दुसरं काय ठावं न्हाई गं."

मी तिच्याशी अबोला धरला, म्हणजे लिहिणंही बंद केलं. पट्टीमुळे कळ ओसरली आणि मी बेसिनच्या आरशासमोर उभी राहून व्यायाम करायला लागले. एक बोट जायचं. दुसरं घातलं की कानापाशी चावी फिरवल्यासारखं दुखायचं. आई पाठीमागे येऊन उभी राहायची. अबोला तिला कधीच झेपत नाही. "हे काय माकडचाळं," ती म्हणाली. "दातात बोटं घालून का कुठं जबडा सुटतोय?" मला हसू आलं आणि अबोला तिथेच मोडला. अडखळत, बोबडं का होईना, मी म्हणाले, "तू करून दाखव. तुझ्या कुठे दाढा काढल्यात?"

ती टाळत होती. हात धुवायचेत म्हणाली, दूध उतू जाईल म्हणाली. मी तिचा हात धरून तिला आरशासमोर आणलं. तिने तोंड उघडलं. मला वाटलं ती मुद्दाम एवढंसं उघडतेय. "नीट उघड ना," मी म्हणाले. तिने बोट आडवं घातलं. एक बोट गेलं. दुसरं तिने टोकाने घुसवायचा प्रयत्न केला, ते दातांवरच अडलं. "माझी बोटं जाड हायेत," ती म्हणाली. आईची बोटं माझ्याहून बारीक आहेत. मी माझं बोट तिच्या गालात आतून फिरवलं. गाल मऊ नव्हता. आत ताणलेल्या दोऱ्या हाताला लागत होत्या. माझं बोट लागताच आईने डोळे गच्च मिटले.

माझ्या तोंडावर शस्त्रक्रिया झाली होती आणि तरी मला आईपेक्षा मोठा आ करता येत होता. त्या क्षणी मागचं कितीतरी एकदम समोर आलं. भाचीच्या लग्नात तिने फक्त दहीभात घेतला होता. पाणीपुरीची पुरी ती फोडून तुकड्यांनी खायची, आणि आम्ही तिला हसायचो. तिखट तिने सोडलं होतं. भाकरी दुधातच खायची. माझ्यासोबत म्हणून तिने वाटी भरली नव्हती, ती रोजच तसं जेवत होती. मी तिचं वय झालं म्हणत होते. मी तिला विचारलं, "आग होते तोंडात?" ती म्हणाली, "तिखटानं व्हती थोडी. तुझं तू आधी निस्तर."

टाके काढायला जायचं होतं तेव्हा तिलाही सोबत चल म्हणाले. ती नाही म्हणाली. तेव्हा मी जेवण बंद केलं. हा आमच्या घरातला जुना उपाय आहे, मी शाळेत असल्यापासून चालत आलेला, आणि त्यापुढे आई नेहमीच हात टेकते. भाताची वाटी समोर तशीच राहिली, वरून सुकून गेली. ती कुरकुरत साडी बदलायला गेली.

दवाखान्यात मी डॉक्टरीणबाईंना आधीच सांगून ठेवलं होतं. त्यांनी माझ्याआधी आईलाच खुर्चीत बसवलं. "आंटी, थोडा और खोलो." आई म्हणाली, "इतनाही खुलता है." डॉक्टरीणबाई आधी गप्पा मारत होत्या, आरसा आत गेला तसा त्यांनी दिवा जवळ ओढला. दोन्ही गालांतून त्यांनी बोट फिरवलं, जीभ बाहेर काढायला लावली. जीभ ओठांपर्यंत जेमतेम आली. मग त्यांनी विचारलं, "सुपारी?" आईने माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. "कबसे खुल नहीं रहा?"

आईने आठवायचं सोंग केलं नाही. तिला ते पाठच होतं. तिने मराठीतच सांगितलं, "आमच्या गल्लीत तपासणीचं शिबिर लागलं हुतं. तिथल्या बाईनं सांगितलं का रोज बोटं घालून बघा, न् कमी जायला लागली का दवाखान्यात या. तवा अडीच जायची. मी रोज बघते, न्हाणीत."

मी शेजारी उभी होते. मला वाटत होतं की हा शोध मी लावलाय. आई मात्र रोज सकाळी कडी लावून स्वतःचं तोंड मोजत होती, ते बंद होत चाललंय हे बघत होती, आणि इथे आल्यावरही तसंच मोजून, बाहेर येऊन आमच्यासाठी पोळ्या लाटत होती. रिक्षात मी विचारलं, "मला का नाही सांगितलंस?" ती रस्त्याकडे बघत म्हणाली, "काय सांगू? तू म्हणाली असतीस सुपारी सोड." मग थोड्या वेळाने, "तुझा बाप गेल्यावर घरात तेवढंच तर हुतं तोंडात घोळवायला." मला तिचा राग आला आणि दयाही आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मला काहीच बोलता आलं नाही. या वेळी त्याचा दाढांशी संबंध नव्हता.

पुढे मोठ्या रुग्णालयात गेलो. तिच्या गालाच्या आत एक पांढुरका डागही होता, तिथला कण काढून तपासायला पाठवला. रिपोर्ट येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. माझी जखम भरत होती, तोंड उघडत होतं, लोक फोनवर विचारत होते आता बरं आहे ना, आणि मी हो म्हणत होते. आई पूर्वीसारखीच भाकऱ्या थापत होती. तिला मी परत गोडदेवला जाऊ दिलं नाही.

रिपोर्टमध्ये कॅन्सर निघाला नाही. डॉक्टरांनी सांगितलं की सध्या नाही, पण दर काही महिन्यांनी दाखवत राहायचं. सुपारी आणि मिश्री कायमची बंद. सुपारीने गालात धरलेल्या दोऱ्या औषधाने थोड्या सैल होतील, पण तोंड पूर्वीसारखं उघडणार नाही. व्यायामाला त्यांनी आइस्क्रीमच्या लाकडी काड्या दिल्या, एकावर एक रचून दातांमधे धरायच्या आणि जमेल तशी एकेक वाढवायची. आईने काड्या हातात घेऊन उलटसुलट पाहिल्या आणि म्हणाली, "आइस्क्रीम कुठाय?" डॉक्टर हसले. मला हसू आलं नाही.

घरी येऊन आम्ही दोघी आरशासमोर उभ्या राहिलो. मी बोटं एकावर एक ठेवली आणि तिन्ही विनासायास आत गेली. मला ती पटकन काढून घ्यावीशी वाटली, पण आईने पाहिलं होतं. तिच्या दातांमधे काड्या होत्या, बोलता येत नव्हतं, तरी तिचा चेहरा फुलला. काड्या काढून ती म्हणाली, "गेली की गं तिन्ही. आता खा काय खायचंय ते."

आणि ती स्वयंपाकघरात गेली. मी नको नको म्हणत असताना तिने हिरव्या मिरच्या तव्यावर परतल्या, लसूण घातला, शेंगदाणे घातले. घरभर मिरचीचा खाट उठला आणि आम्हा दोघींना ठसका लागला. खलबत्त्यात तिने ठेचा कुटला, गरम भाकरी केली, ताट माझ्यासमोर ठेवलं आणि स्वतःची दूधभाकरीची वाटी घेऊन समोर बसली. आपली वाटी निवायला ठेवून ती माझ्या तोंडाकडे बघत होती. मी भाकरीचा मोठा तुकडा मोडला, ठेच्याला लावला आणि पूर्ण तोंड उघडून घास घेतला.

"कसा झालाय?" तिने विचारलं. "मला आता चाखून बघता येत न्हाई, अंदाजानं टाकते समदं."

ठेच्यात मीठ नव्हतं. मी ताटातला सगळा ठेचा संपवला आणि आणखी मागून घेतला.