कासम मिस्त्रीनं काही चोरलं नाही

रुखसानाचा फोन आला तेव्हा मी ओसरीत बसून शेंगा फोडत होते. "मावशी, अब्बा गेले," एवढंच म्हणाली. मी "बरं" म्हणाले. आता आठवलं की लाज वाटते, कोणी गेल्याची बातमी ऐकून कोणी "बरं" म्हणतं का? पण तोंडातून तेच निघालं... फोन ठेवला आणि उरलेल्या सगळ्या शेंगा फोडून टाकल्या. त्याला महिना होऊन गेला. तिच्या अब्बांवर, मंगरूळपीरच्या कासम मिस्त्रीवर, कोणी लिहील म्हणून मी वाट पाहिली. कोणी लिहिलं नाही. तेव्हा म्हटलं, आपणच लिहावं. पुरवणीच्या वाचकांना आधीच सांगून ठेवते, गेलेल्या माणसाबद्दल गोड गोड लिहिण्यासाठी मी बसलेली नाही. एका जिवंत माणसाचा हिशेब बाकी आहे, म्हणून बसले आहे.

वीस-बावीस वर्षांपूर्वी मी तहसील कचेरीत कारकून होते. खिडकीत बसून लोकांच्या अर्जांतल्या चुका काढणं हे माझं काम, आणि त्यात मला फार गोडी. किन्हीराजाहून दोन एसटी बदलून आलेल्या म्हाताऱ्याला मी "तारीख कुठंय?" म्हणून परत पाठवलेलं आहे. अशी ती बाई. त्या बाईनं कर्ज काढून जुनी, पांढरी, छोटी गाडी घेतली. आमच्या गल्लीत गाडी चालवणारी पहिली बाई मीच, म्हणून डोळ्याला काळा चष्मा आणि बोटात किल्ली गरगर फिरवत चालणं. चष्मा नंबरचा नव्हता, त्यामुळे समोरचं निम्मंच दिसायचं, पण ते मी कोणाला सांगितलं नाही.

ब्रेक कुरकुरू लागले म्हणून मी गाडी वाशीमच्या एका मोठ्या गॅरेजात टाकली. मालकाचं नाव लिहीत नाही, ज्याला कळायचं त्याला कळेल. तिथं पंख्याखाली सोफा होता, काचेच्या कपात चहा होता आणि मालक "मॅडम" म्हणायचा. आयुष्यात मला तोवर कोणी एका दमात चार वेळा मॅडम म्हटलं नव्हतं. इंग्रजीतलं लांबलचक बिल त्यानं पुढं केलं, मी पर्समधून पेन काढलं आणि झोकात सही ठोकली. वाचलं नाही. लोकांची एक वेलांटी न सोडणारी मी, स्वतःच्या बिलाची एक ओळ वाचली नाही, कारण वाचत बसलं तर बाई कंजूष दिसते!

पंधरवडाही गेला नसेल. किन्हीराजाहून बहिणीकडून येताना समोर म्हैस आली, मी ब्रेक दाबला, आणि गाडीनं माझं काही ऐकलं नाही. म्हैस वाचली, मीही वाचले, गाडी मात्र कोणाच्या तरी तुरीत जाऊन उभी राहिली. तूरवाला पळत आला. "बाई, वावरात पार्किंग करता काय?" म्हणाला. काळा चष्मा तिथंच कुठं पडला तो पडला.

दुसऱ्या दिवशी मी तणतणत गॅरेजात. मालकानं चाक खोलायला लावलं. पैसे नव्या ब्रेक पॅडचे घेतलेले, पण आतले पॅड जुनेच होते, घासून गुळगुळीत केलेले. मालक कोपऱ्यात काम करणाऱ्या एका किरकोळ, पांढऱ्या दाढीच्या माणसाकडे बोट करून ओरडला, "ह्यानंच केलं! मी नवं सामान हाती देल्लं, ह्यानं जुनं बसवलं अन् नवं बाजारात इकलं!" तो माणूस काही बोलू लागला, तर मालकानं त्याला सगळ्यांदेखत हाकलून दिलं. आणि मी? मी मालकाचे आभार मानले. वर मालक म्हणाला, "मॅडम, तुमी लेखी तक्रार देल्ली त बरं होईन," तर तिथंच बसून माझ्या मोत्यासारख्या अक्षरात लिहून दिलं की कासम नावाच्या मिस्त्रीनं माझ्या गाडीचं सामान चोरलं. तारीख घातली. ती घालायला नाही विसरले.

आठ-दहा दिवसांनी खिडकीपुढच्या रांगेत तो उभा. रांग मोडली नाही, नंबर आल्यावरच पुढं आला.

"अर्ज कशाचा?" मी मान वर न करता विचारलं.

"अर्ज नाई, बाई. बिल पायजे."

"कोणतं बिल?"

"ज्याच्या पाई मी चोर झालो, थे."

मी वर पाहिलं. मागच्या बायका कान टवकारून ऐकत होत्या. तो आवाज न चढवता सांगत होता... सगळ्या गॅरेजवाल्यांना मालकानं माझा कागद दाखवला होता. त्याला कोणी दारात उभं करत नव्हतं. मुलीची सोयरीक ठरत आली होती, ती माणसं परत फिरली होती. "जुने पॅड म्याच घासून बसवले," तो म्हणाला. "मालक म्हने बसव, म्या बसवले. रोजी जाईन म्हून भ्यालो. त्याची सजा द्या मले. चोरीची नोका देऊ."

बिल माझ्या टेबलाच्या खणातच होतं, मी चिटोरंसुद्धा फेकत नाही. त्याला इंग्रजी वाचता येत नव्हतं, म्हणून मी एकेक ओळ वाचायची आणि त्यानं ऐकायची. ऑइल पाच लिटर. "तुमच्या इंजिनात साडेतीनच्या वर जातच नाई, गाडीच्या पुस्तकात लिहेल हाय." मजुरी दोन ठिकाणी. "चाक एकदाच खोललं, पैसे दोनदा कायले?" मग मी वाचलं, ब्रेक पॅड पुढचे एक जोड, मागचे एक जोड.

"मागचे?"

"मागचे."

तो हसायला लागला. इतका, की पुढं त्याला खोकला आला. "बाई, तुमच्या गाडीले मांगं पॅड राह्यतच नाईत! मांगं ब्रेकचा डरम राह्यते, त्याच्यात पॅड नाई, शू बसते. जी वस्तू गाडीत बसतच नाई, थे मालकानं माह्या हाती देल्ली कशी अन् म्या इकली कशी?"

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. ज्या कागदावर माझी झोकदार सही होती, त्याच कागदानं तो माणूस सुटत होता. मी फक्त वाचायला हवं होतं.

मिस्त्रीचं म्हणणं एवढंच, की मी माझी तक्रार मागं घ्यावी. "झगडा नोको, बाई. नाव साफ झालं म्हंजे झालं." पण मला तेवढ्यावर भागणार नव्हतं. न्याय वगैरे मोठे शब्द मी वापरणार नाही, मला त्या मालकाचं तोंड पाहायचं होतं, भरल्या गिऱ्हाइकांत. म्हणून रविवार निवडला. सोफा भरलेला, एक डॉक्टर, एक जैन कापडवाले काका, दोन जीपवाले. मी अगदी बावळट चेहरा करून गेले, तो मला तेव्हा फार प्रयत्न न करता जमायचा.

"या मॅडम, चहा सांगू?"

"सांगा ना. अन् चहा येईस्तोवर माझं मागचं चाक खोला. मागचे नवे पॅड मला पाहायचे आहेत."

मालकानं बिलाकडे पाहिलं, मग माझ्यामागं उभ्या मिस्त्रीकडे. "थे... टायपिंगची चूक हाय, मॅडम."

"मग नसलेल्या पॅडची चोरी ही कोणाची चूक?"

कापडवाले काका उठून बिल पाहायला आले. त्यांनी चष्मा लावला, बिल वाचलं आणि काही न बोलता खिशातून स्वतःचं बिल काढलं. "मिस्त्री, जरा हे बी पाहा." मग डॉक्टर. मग जीपवाले. काका वाचत होते, मिस्त्री सांगत होता, आणि मालकाचा रंग उतरत होता. चहा आला तो मी फुर्रकन आवाज करत प्यायले. इतका गोड चहा पुन्हा मिळाला नाही. मग त्याच बिलाच्या पाठीवर मालकाकडून त्याच्या हातानं लिहून घेतलं की कासम मिस्त्रीनं काही चोरलं नाही. सही केली. मी म्हटलं, "शिक्का?" त्यानं शिक्का मारला. मी म्हटलं, "तारीख कुठंय?"

त्या कागदाच्या मी प्रती काढल्या आणि माझी तक्रार जिथं जिथं दाखवली गेली होती तिथं मिस्त्रीला घेऊन स्वतः फिरले. माफी मी त्याची रस्त्यातच मागितली, चालता चालता, त्याच्याकडे न पाहता. रुखसानाचं लग्न पुढं दुसऱ्या, बऱ्या घरी झालं. मिस्त्रीनं आसेगाव रस्त्याला टिनाचं शेड टाकलं. तिथला कायदा त्यानं घातलेला... काम करायच्या आधी खर्च कागदावर, मजुरी वेगळी, सामान वेगळं, आणि काढलेलं जुनं सामान गिऱ्हाइकाच्या हाती. "बाई, बिल खोटं बोलू शकते, घासलेलं लोखंड नाई बोलत," म्हणायचा. मी निवृत्त होईपर्यंत खिडकीत आलेल्या प्रत्येक गाडीवाल्याला अर्जाआधी विचारत असे, "गाडी कुठं दाखवता?" वाशीमचं ते नाव निघालं की अख्खी गोष्ट ऐकल्याशिवाय त्याचा अर्ज पुढं सरकत नसे. सरकारी वेळेचा मी इतका चांगला वापर दुसऱ्या कशासाठीच केला नाही.

आणि मिस्त्री गेल्यावर हा मालक त्याच्या घरी बसायला आला! आता त्याचं काचेचं शोरूम आहे, केस पांढरे झालेत. सगळ्यांसमोर म्हणतो कसा, "कासम माह्याच हाताखाली शिकला. आमचं कधी वाकडं नाई झालं." मिस्त्रीची बायको, आमच्या भाभी, पदर तोंडाला लावून बसलेल्या. दुःखाचं घर, म्हणून गिळलं... पण पचलं नाही.

गेल्या आठवड्यात शेडवर गेले. ते आता रुखसाना चालवते. मागच्या भिंतीला खिळ्यांवर सिमेंटच्या पिशव्या टांगलेल्या, प्रत्येकीत कोणाचं ना कोणाचं न्यायचं राहिलेलं जुनं सामान, वर मिस्त्रीच्या हातचा खडूनं लिहिलेला गाडीचा नंबर. आकडे त्याचे नेहमी उजवीकडे कलणारे. मी एकेक वाचत होते, उगाच, त्याचं अक्षर पाहायचं म्हणून. एका पिशवीपाशी थांबले. नंबर फार सुरेख होता, एकसारखे चार आकडे. असा नंबर लोक पैसे मोजून घेतात.

"ही कोणाची गं?"

रुखसाना खाली पाहू लागली. "मावशी, कोनाले सांगू नोका... वाशीमच्या त्या मालकाची. चार वर्सं झाली, त्यायची सोताची गाडी इथंच येते. डरायवर घेऊन येते. सामान घरी न्यायचं नाई, इथंच ठेवा म्हनते."

स्वतःच्या शोरूमात स्वतःची गाडी दाखवायची त्याची छाती नव्हती! मी पिशवीतलं बिल काढून वाचलं. ओळ न् ओळ वाचली. एक रुपया जास्त लावलेला नव्हता. त्याच्याकडूनसुद्धा नाही! मला मिस्त्रीचा असा राग आला, असा राग आला... आणि मग मला तिथं स्टुलावर थोडं बसावं लागलं.

"अब्बा म्हनत, गिऱ्हाइकाची गोष्ट बाहेर न्यायची नाई," रुखसाना म्हणाली.

"तुझ्या अब्बानं शब्द दिला असेल. मी दिलेला नाही."

ती पिशवी मी भिंतीवरून काढली आणि शेडच्या पुढच्या खांबाला, नंबर रस्त्याकडे करून, बांधली. वाशीमला जाणाऱ्या-येणाऱ्या, तो नंबर ओळखणाऱ्या सगळ्यांना दिसेल अशी. खडू पुसट झाला होता. कलत्या आकड्यांवरून मी हलक्या हातानं पुन्हा खडू फिरवला, त्याचं वळण मोडू न देता.