डिकीवरची थाप

दिगंबर साबळे यांना हळू बोलताच येत नसे. उभा जन्म संगमनेर डेपोत कंडक्टरकी करण्यात गेला, आणि एसटीच्या खडखडाटाच्या वरताण गळा ताणल्याशिवाय मागच्या बाकावरचा माणूस सुट्टे पैसे काढत नाही. नोकरी संपली, बायको गेली, गळा मात्र राहिला. असा माणूस मुलानं आणून ठेवला कुठे, तर जपानात ग्योतोकुला, जिथं वरच्या मजल्यावर कोणी शिंकलं तरी खालची बाई इमारतीच्या ऑफिसात तक्रार करते.

मुलगा अंबरीष एकुलता एक. योकोहामाला सॉफ्टवेअर कंपनीत होता. सून चारुता बँकेचं काम बरेचदा घरूनच करी. "संगमनेरची खोली विकून टाका बाबा, आता आमच्याकडेच राहा," असं अंबरीषनंच फोनवर सांगितलं होतं. दिगंबररावांनी खोली विकली, भांडी शेजारपाजारी वाटली आणि आले. आल्यावर कळलं की व्हिसा पाहुण्याचा आहे, सप्टेंबरात संपतो. एकट्या म्हाताऱ्या बापाला ठेवून घ्यायचं तर मुलानं वेगळा अर्ज करावा लागतो. "करू ना," असं म्हणून अंबरीष मोबाइलमध्ये डोकं घाली. म्हातारा काही दुधखुळा नव्हता. ज्याचा घरात उपयोग नाही त्याच्यासाठी अर्ज कोण करतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं.

पण उपयोगी पडावं कसं? कचरा टाकायला गेले, तर प्लास्टिकच्या दिवशी काचेच्या बाटल्या नेऊन ठेवल्या. कचरेवाल्यांनी न उचललेली पिशवी चारुतानं परत आणून त्यांच्या चपलांशेजारी ठेवली, नि दोन दिवस तिथंच राहू दिली. त्यापेक्षा चार शब्द सुनावले असते तर बरं.

एकच काम त्यांच्या वाट्याला होतं. अंबरीषनं डोंगरातून हिंडायला एक जुनी फोर-बाय-फोर जीप घेतली होती, मागचं दाखवणारा कॅमेरा नसलेली. इमारतीच्या चिंचोळ्या पार्किंगमध्ये ती लावताना दिगंबरराव मागे उभे राहत. "येऊ दे, येऊ दे, येऊ दे!" आणि भिंत जवळ आली की डिकीच्या पत्र्यावर सणसणीत थाप. थाप पडली की थांबायचं, तोवर बेधडक येऊ द्यायचं, हा एसटीचा कायदा आणि अंबरीष त्यातच वाढलेला. पण पहिल्याच दिवशी वरच्या तीन खिडक्या उघडल्या. "ओरडू नका हो, बाबा, प्लीज! नुसती थाप मारा," तो दातओठ खात म्हणाला. तेव्हापासून नुसती थाप.

जीप म्हणजे उन्हात तापलेला तवा आणि हायवेवर पत्र्याचा डबा. पुढे बसलेले नवराबायको काय बोलतात, ते मागच्या सीटवर कधी कळायचंच नाही. जुलैत अंबरीषनं हौसेनं आवाज नि ऊन अडवणाऱ्या चादरी, फोम आणि दाबलेल्या लोकरीचा जाड नमदा आणला आणि म्हणाला, "बाबा, हात द्याल?" म्हाताऱ्याला आभाळ ठेंगणं झालं.

सीटा काढल्या, गालिचा काढला, छताचं अस्तर उतरवलं. उघडा पत्रा स्पिरिटनं पुसायचा, त्यावर वरून चांदीसारखी नि खालून डांबरासारखी चिकट चादर लावायची, आणि रोलरनं अशी दाबायची की आत हवेचा एक फुगा राहू नये. टपाला आतून फोम, तळाला नमदा. अंबरीष एका दारातच दमला. दिगंबरराव मात्र घामानं निथळत, गुडघे दुखवत शनिवार-रविवार त्या डब्यात बसले. डिकीचं दार तर त्यांनी एकट्यानं केलं. एक थर पुरे असताना दोन लावले, वर फोम चढवला. अंबरीषनं बाहेरून टिचकी मारून पाहिली. पत्रा वाजलाच नाही. "सॉलिड काम, बाबा!" तो म्हणाला. त्या दिवशी म्हातारा दोन पोळ्या जास्त जेवला.

ऑगस्टच्या सुट्टीत तिघं चिचिबुच्या डोंगरात निघाले. आत गारवा आणि देवघरातली शांतता. दिगंबरराव मागे डोळे मिटून बसले होते. पुढच्या दोघांना वाटलं, मागे नेहमीसारखंच काही पोचत नसेल.

"अर्ज करायचा नाही, हे फायनल ना?" चारुतानं विचारलं.

"हो गं. पुण्याच्या वृद्धाश्रमात रूम बुक केलीय. शेवटच्या आठवड्यात सांगू, नाहीतर उगाच रडारड."

"मला घरी एक कॉल धड घेता येत नाही रे."

"इतके दिवस काढलेस, अजून महिनाभर काढ."

शब्द न् शब्द स्वच्छ ऐकू आला. दिगंबररावांनी डोळे उघडले नाहीत. पण माणसाची आशा किती निर्लज्ज असते पाहा. ते मनाशी म्हणाले, अजून महिना आहे, पोराचं मन बदलेल.

नदीकाठच्या पार्किंगला आल्यावर चारुता टॉयलेटकडे गेली. कोणी सांगायच्या आत दिगंबरराव उतरून जीपच्या मागे उभे राहिले. त्यांच्या पाठीशी दगडी बांध, बाजूला नदीचा खळखळाट. काचा बंद करून, एसी लावून अंबरीष मागे येऊ लागला. बांध जवळ आला, त्यांनी थाप मारली. गादीवर मारावी तशी ती जिरली. जीप येतच राहिली. त्यांनी दोन्ही हातांनी पत्रा बडवला, बाजूला व्हायला गेले तर पाय दगडात अडकला. मग मात्र मुलाचं सांगणं मोडून, सगळ्या जन्माचा गळा ताणून ते ओरडले, "अंबू, थांब!"

अंबरीषनं अजून थोडी येऊ दिली. परतणारी चारुता पुढून हातवारे करत धावली, तेव्हा तो थांबला. तोवर दिगंबररावांच्या गुडघ्याचा चुरा झाला होता.

हॉस्पिटलमध्ये तो बापाच्या पलंगाशी रडला, आणि ते रडणं खरं होतं. "बाबा, एवढे मोठ्यानं बोलता सगळीकडे, नेमकी तेव्हाच हाक का नाही मारलीत? निदान थाप तरी!"

दिगंबररावांनी मुलाकडे पाहिलं. खरं सांगावं तर पोर जन्मभर स्वतःला खाईल. खाऊ नये, म्हणून ते म्हणाले, "विसरलो रे."

अंबरीषनं डोळे पुसले. त्याचा चेहरा हळूहळू सैल झाला. "बघितलंस?" तो चारुताला म्हणाला, "म्हणजे मेमरी पण चाललीय." तिनं मान डोलावली. त्यानं तिथंच, पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून पुण्याला फोन लावला.

"ती रूम कॅन्सल करा. विस्मरणाच्या पेशंट्सचा वेगळा मजला आहे ना तुमचा, तिथं द्या. हो, आजच कळलं. त्या मजल्याला बाहेरून कुलूप असतं ना? मग चालेल."