हेल्थवाला मेव्हणा

सरळ प्रश्नाला वाकडं उत्तर देणारी माणसं मी पुष्कळ पाहिली, पण सरळ उत्तरालाही पुढे तीन प्रश्न चिकटवणारा माझ्या बायकोचा धाकटा भाऊ जगात एकच. आपण "चहा घेतोस?" म्हणावं, तर हा म्हणणार, "दाजी, दूध पुरेल का? संध्याकाळचं काय?" कॉमर्सची पदवी घ्यायला तो दाभोशाहून जव्हारला आमच्या घरी तीन वर्षं राहिला. त्या तीन वर्षांत माझे निम्मे केस पिकले.

पुस्तकात त्याने कुठेतरी वाचलं, की सगळा पैसा एकाच ठिकाणी ठेवू नये. झालं! एक किलो टोमॅटो आणायला पाठवलं, तर चार बायकांकडून पाव-पाव किलो घेऊन आला. "एकीचे नासके निघाले तर बाकीचे वाचतील ना!" चौघींनी एकाच टेम्पोतून माल उतरवून घेतला होता, हे त्याच्या गावीही नव्हतं. सगळेच नासके निघाले. एकदा मोखाड्याच्या बाजाराला निघालेल्या जीपमध्ये त्याने शेजारच्या गृहस्थाला गंभीरपणे विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही कुठं असाल?" जीपमध्ये बावीस माणसं, त्यात तो गृहस्थ एका पायावर. तो म्हणाला, "मोखाड्याला उतरलेला आसंन, तं लय झालं."

परीक्षा संपल्यावर मी इथल्या पतसंस्थेच्या अध्यक्षांच्या अक्षरशः हातापाया पडून त्याच्यासाठी कारकुनाची जागा मिळवली. सोमवारी दहाला हजर व्हायचं, असा शब्द देऊन आलो. आणि याने खिशातून ठाण्याच्या एका कंपनीचं पत्र काढलं. वेल्थ मॅनेजमेंट! म्हणजे श्रीमंतांचा पैसा कुठे गुंतवावा ते त्यांना सांगायचं. कायम होण्याची हमी नाही, पगार सुरुवातीला बेताचाच.

"अरे, ज्यांच्याकडे आहे त्यांना तुझी काय गरज?" मी ओरडलोच.

"दाजी, ज्यांच्याकडं हाय, तेच घाबरलेले असतात. त्यांना आधी इचारायचं, कशाला भिता. मग पैशाचं बघायचं."

"आणि मी दिलेल्या शब्दाचं काय?"

"सोमवारी सकाळी सांगतो," म्हणाला. त्याने आणखी वेळ मागितला नाही, याचंच मला नवल वाटलं.

इकडे दाभोशाला सासूबाईंनी 'वेल्थ' ऐकलं ते 'हेल्थ'. पोऱ्या हेल्थमध्ये लागला, ही बातमी पाड्यापाड्यावर गेली. सोमवारी सकाळी आठ वाजता सुजलेला पाय घेऊन एक म्हातारे काका आमच्या दारात हजर! "हेल्थवाला हाय का?"

मी गैरसमज दूर करायला तोंड उघडणार, तोच मेव्हण्याने त्यांना खुर्ची दिली. कंपनीने पाठवलेल्या फॉर्मवरचे प्रश्न त्याला तोंडपाठ होते. तेच सुरू केले. घरात कोणकोण? कमावतं कोण? कशाची काळजी वाटते? झोप लागते का? आणि मग त्यांचा हात धरून दवाखान्यात घेऊन गेला.

दहा वाजले, साडेदहा वाजले. अध्यक्षांचा फोन आला. त्यांनी मला जे ऐकवलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. मी तणतणत दवाखान्यात पोचलो. हा केसपेपरच्या रांगेत उभा, आणि काका बाकावर. मी काही बोलणार इतक्यात काकाच म्हणाले, "दाजी, ह्याला रागं भरू नका. पाय दुखतो ते डाक्टर बघंल. पन माजा पोऱ्या वसईला गेला तो परत नाय आला, ते मना कोनी इचारलाच नव्हता. ह्यानं इचारला."

माझा राग तिथेच विरघळला असं नाही. अध्यक्ष समोर दिसले की अजूनही मी रस्ता बदलतो. पण दुसऱ्या दिवशी त्याला ठाण्याच्या एसटीत बसवायला मीच डेपोवर गेलो. खिडकीतून वाकून त्याने विचारलं, "दाजी, तुम्हाला कशाची काळजी वाटते?" मी म्हटलं, "तुझी." तो लगेच म्हणाला, "मग झोप लागते का?"

आता घर शांत आहे. टोमॅटो एकाच बाईकडून येतात आणि चांगले निघतात. अजून कधीतरी पाड्यावरचं कुणी दारात येतं, "हेल्थवाला हाय का?" मी त्यांना बसवतो, पाणी देतो, दवाखान्याचा रस्ता दाखवतो. झोप लागते का, हे मात्र माझ्याने विचारवत नाही. ती माणसं पाणी पिऊन, थोडा वेळ वाट बघून उठतात, आणि तेव्हा त्या कार्ट्याची मला फार आठवण येते.